यंदाच्या टीमचा खरा अंदाज

आमची टीम यंदाही शेवटची येणार, याबद्दल जानेवारीत माझ्या मनात कसलीच शंका नव्हती. आमची म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहराची बेसबॉल टीम. तिचं नाव सांगत नाही. गेली काही वर्षं त्या बिचाऱ्यांची एवढी शोभा झाली आहे, की ती मराठीतही व्हायला नको.

इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या, आयटीत नोकरी करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या बाईचा बेसबॉलशी काय संबंध, असं मला ऑफिसात विचारतात आणि मंडळाच्या गणपतीतही विचारतात. ऑफिसातल्यांना वाटतं भारतीय म्हटलं की क्रिकेट. मंडळातल्यांना वाटतं मी शिष्टपणा करते. खरं कारण अगदी साधं आहे. जळगावला आमच्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल होता, बेसबॉलचाच धाकटा भाऊ. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात, राज्यपातळीपर्यंत जातात, त्याचे वाढीव गुण मिळवतात, आणि हे पुण्यामुंबईच्या लोकांना सांगितलं तरी पटत नाही. ताई, माझी मोठी बहीण, पिचर होती. मी कॅचर. म्हणजे तिनं चेंडू टाकायचा आणि मी तोंडावर जाळी बांधून, उन्हात उकिडवं बसून तो झेलायचा. घरातही साधारण हीच व्यवस्था होती.

ताई पुढे त्याच शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि तिथेच राहिली. मी इंजिनिअर झाले आणि इकडेतिकडे फिरत राहिले. इंग्लंडला येण्याआधी कंपनीनं मला त्या अमेरिकन शहरात पाठवलं होतं. तिथे एका रविवारी संध्याकाळी एकटीच स्टेडियममध्ये जाऊन बसले आणि ताईला फोन लावून अख्खी मॅच बोलून दाखवली. शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघत होता, पण त्याची भाषा मला येत होती आणि माझी त्याला येत नव्हती, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. त्या दिवशी ती टीम आम्हा दोघींची झाली. जिंकणारी टीम निवडायची अक्कल त्या वेळी नव्हती, आणि नंतर बदलायला लाज वाटली.

घड्याळानं आमची कामं वाटून दिली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात सराव सामने होतात. ते माझ्याकडे संध्याकाळी जेवणानंतर लागतात, आणि तेव्हा जळगाव गाढ झोपलेलं असतं. म्हणून सीझनच्या आधी टीम कशी दिसते ते मी बघायचं आणि शनिवारी ताईला सांगायचं. एकदा खरा सीझन सुरू झाला, की संध्याकाळच्या मॅचेस तिच्याकडे सकाळी चहाच्या वेळी लागतात आणि मी झोपलेली असते. मग ती बघायची आणि मला सांगायची. वसंतात मी तिचे डोळे, उन्हाळ्यात ती माझे.

रिबिल्डिंग हा शब्द टीमच्या मालकांनी आणला. त्याचा अर्थ असा, की जे दोन-चार बरे खेळाडू उरलेत ते दुसऱ्या टीमांना देऊन टाकायचे, बदल्यात नुकतं मिसरूड फुटलेली होतकरू पोरं घ्यायची, आणि ती पोरं तयार होईपर्यंत लोकांना धीर धरा म्हणून सांगत राहायचं. तोवर रोज हरायचं. आमच्या लोकांनी आधी सेंटर फील्डर दिला, मग डावखुरा पिचर दिला. तो डावखुरा ताईचा लाडका. ‘चालत्या गाड्याला खीळ घातली मेल्यांनी,’ म्हणून ती आठवडाभर धुमसत होती. पण मग त्या होतकरू पोरांची नावं तिनंच पाठ केली. कोण कधी वर येणार, कोणाचा खांदा चांगला, कोण अंगानं भरला की लांब मारेल, हे तिचं बोलणं सुरू झालं. पंचवीस वर्षं सहावी-सातवीच्या मुली घेऊन टीमा उभ्या करणारी बाई ती. तिला असल्या वाट बघण्याचा कंटाळा नव्हता.

मार्चच्या मध्यावर आम्ही दोघी आपापला अंदाज सांगायचो. पाच टीमांच्या गटात आपली कितवी येणार? त्यात एकच नियम होता: जीव आहे म्हणून चांगलं बोलायचं नाही. हा नियम आमच्या शाळेतल्या सरांचा. सर म्हणायचे, पिचरशी सगळं गाव खोटं बोललं तरी चालेल, कॅचरनं बोलायचं नाही, कारण बॉल तिच्या हातात पडतो, तिला माहीत असतं. अमरावतीच्या एका सामन्यात मी मध्येच उठून ताईकडे गेले होते आणि म्हटलं होतं, ‘ताई, बॉल मेलाय. हात गेला तुझा.’ ती माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली. मग स्वतःच सरांकडे जाऊन दुसऱ्या मुलीला उभं करायला सांगून आली. तो सामना आम्ही जिंकलो, आणि ताई त्याबद्दल माझ्यावर कधी रागावली नाही.

जानेवारीच्या अखेरीस भाऊजींचा फोन आला तो माझ्या नवऱ्याला. मला नाही. अशा बातम्या आमच्याकडे साडू साडूला सांगतो, आणि मग तो बायकोला खुर्चीत बसवून सांगतो. नवऱ्यानं मला खुर्चीत बसवलं तेव्हाच मला कळलं. दिवाळीनंतर ताईचं ऑपरेशन झालं होतं. गाठ होती, काढली, आता काळजीचं कारण नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ते लिव्हरमध्ये पसरलंय. औषधांनी वेग कमी होईल, बरं होणार नाही. वर्ष म्हणता येणार नाही, महिने म्हणा.

“तिला सांगायचं नाही असं ठरलंय,” नवरा म्हणाला.

“कोणाचं ठरलंय?”

“सगळ्यांचं.”

सगळ्यांचं म्हणजे भाऊजींचं, पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याचं, त्याच्या बायकोचं, ताईच्या दोन्ही दिरांचं आणि फॅमिली डॉक्टरांचं. ज्या बाईच्या पोटात ते होतं तिला सोडून बाकी सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. मी खूप चिडले. चिडून गाडी काढली आणि चार राउंडअबाउट ओलांडून परत आले. आणि परत आल्यावर मी काय केलं? भाऊजींना फोन केला आणि म्हटलं, बरं, नाही सांगत. ते फोनवर रडत होते. रडणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचं वाटलं. सांगण्याचं धाडस माझ्यात नव्हतं आणि न सांगण्याची परवानगी मिळाली होती.

आमची लेक त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. जेवताना तिला कळलं आणि तिनं चमचा खाली ठेवला.

“वेट. मावशीला माहीत नाहीये? हाऊ इज दॅट ईव्हन अलाऊड?”

“अगं, आपल्याकडे असंच करतात. माणूस धसक्यानंच जातो.”

“पण तिचा बॉडी आहे ना, आई. तुला जर असं कोणी केलं तर? मी केला तर? यू वुड किल मी.”

“तुला नाही कळायचं,” मी म्हटलं. काही उत्तर नसलं की मी हे वाक्य वापरते, आणि तिला ते आता चांगलं कळतं. ती ताट उचलून आत गेली.

वॉटफर्डला माझी एक डॉक्टर मैत्रीण आहे, कॅन्सरचीच. तिनं जळगावच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून घेतलं. मग मला म्हणाली, उपचार बरोबर चाललेत, मीही हेच दिलं असतं. दोन-तीन पर्याय आहेत. एकात थोडे जास्त दिवस मिळतील पण बहुतेक वेळ आजारपणातच जाईल. दुसऱ्यात दिवस कमी, पण हिंडती-फिरती राहील.

“तिला स्वतःला काय हवंय?” तिनं विचारलं.

तिनं हा प्रश्न दिवसातून दहा जणांना विचारलेला असणार. तिच्या सवयीचा प्रश्न तो. पण आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोणालाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं, कारण जिला माहीत असायचं तिला प्रश्नच माहीत नव्हता.

फेब्रुवारीत सराव सामने सुरू झाले. मी रोज संध्याकाळी ताटं आवरून लॅपटॉप घेऊन बसायचे. यंदा बघण्यासारखं एवढंच होतं, की डावखुऱ्याच्या बदल्यात आलेला वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप आता मोठ्या टीमबरोबर खेळत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहून सगळ्यात जास्त बॉल अडवायचे असतात ती ही जागा. पोरगं चपळ होतं, हरणासारखं पळायचं, पण बाहेर पडणारा बॉल त्याला सोडवत नव्हता. बॅट फिरवायचाच. एक पिचर कोपराच्या ऑपरेशननंतर वर्षभरानं परतला होता आणि दर थोड्या वेळानं हात झटकत होता. आणि एक छत्तिशीचा कॅचर, दुसऱ्या टीमनं सोडून दिलेला, फक्त या वर्षापुरता घेतला होता, पोरांना सांभाळायला. गुडघे गेलेले. उठताना एक हात जमिनीला लावायचा. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला.

खरं सांगायचं तर टीम गेल्या वर्षीपेक्षा वाईट होती. शनिवारी सकाळी लाल रेडवेवरून, म्हणजे इथल्या पायी-सायकलींच्या वाटेवरून, तळ्याकडे चालत जाता जाता मी ताईला फोन लावायचे आणि सांगायचे, की टीम छान दिसतेय.

मला कळलंही नाही मी हे कधी करायला लागले. पहिल्या शनिवारी ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “पोरगं कसं दिसतंय गं?” आणि मी म्हटलं, “मस्त. सुधारलाय.” दुसऱ्या शनिवारी पिचरचा कोपर बरा झाला. तिसऱ्या शनिवारी मी बदली खेळाडूंचंही कौतुक करून ठेवलं. एक मोठं खोटं पोटात ठेवलं, की त्याच्या भोवती बारीकसारीक खोटी आपोआप उगवतात, पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी. फोन ठेवला की मला स्वतःची शिसारी यायची.

ताई तिकडे बेत करत होती. एप्रिलमध्ये ती दरवर्षी शाळेच्या मैदानावर उन्हाळी शिबिर घेते.

“हे म्हणतायत, यंदा शिबिर नको. पूर्ण विश्रांती घे, जूनमध्ये शाळा सुरू झाली की नव्या दमानं लाग. डॉक्टरांचंही तेच. तर मी म्हटलं ठीक आहे. जूनला नव्या मुली घेते. यंदा सगळ्या सहावीच्याच आहेत, कच्च्या. पण एक वर्ष गेलं ना, की बघ तू. पुढच्या वर्षी जिल्हा काढतील.”

“हो ना,” मी म्हटलं. “घे की जूनमध्ये.”

तळ्यावर वारा सुटला होता. मी तिथेच उभी राहिले. तिच्याकडे एक एप्रिल होता आणि आम्ही सगळे मिळून तो तिच्याकडून काढून घेत होतो, वर तिलाच पुढचा जून देऊ करत होतो. तो जून आमच्यापैकी कोणाच्याच हातात नव्हता. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तरीही मी तिला पुढे विचारलं, की आंबे आले का बाजारात.

मग अंदाजाचा शनिवार आला.

“तू आधी सांग,” ताई म्हणाली.

“तिसरे येतील.”

मागे कुकरची शिटी ऐकू आली, मग भाऊजी कोणाशी तरी बोलत होते ते ऐकू आलं.

“तिसरे?”

“हो. म्हणजे नशीब असलं तर दुसरेसुद्धा.”

“त्या पोराला बाहेरचा बॉल सोडता येतो का आता?”

“येतो ना.”

“परवा तीनदा आऊट झाला तो. तिन्ही वेळा बॅट फिरवून. मी मॅच बघत नसले तरी स्कोअर बघते, आंधळी नाहीये मी. आणि तुझा तो कोपरवाला, त्याला दुसऱ्या इनिंगमध्येच काढून घेतला. गेला महिनाभर तू मला काय सांगतेयस?”

“अगं, सराव सामन्यांचं काय घेऊन बसलीस...”

“गप्प बस.” ती ओरडली नाही. शाळेत मुलींना सांगते तसं सांगितलं. “इतक्या वर्षांत तू कधी चौथे म्हणाली नाहीस. शेवटचे, शेवटचे, शेवटचे. तोंड फाटकं तुझं. मी ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा पहिल्या फोनवर म्हणालीस, ताई, आवाज म्हशीसारखा झालाय तुझा. मला इतकं बरं वाटलं होतं. आता महिनाभर गोड बोलतेयस. हे गोड बोलतात, मुलगा दर रविवारी येतोय, सून पाया पडते. मी म्हटलं असेल बाई, आजारी माणसाशी बोलतात गोड. पण तू?”

माझ्या समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मी बाजूला झाले.

“डॉक्टर काय म्हणाले ते तू सांगणार आहेस, की मी ह्यांना हाक मारू?”

मला अजूनही वाटतं, की त्या वेळी दुसरं काही सुचलं असतं तर मी तेही बोलले असते. सुचलं नाही. मी तिला सांगितलं. ते पसरलंय. लिव्हरमध्ये. औषधांनी वेग कमी होईल पण जाणार नाही. किती दिवस? महिने, ताई. किती महिने? कोणीच सांगू शकत नाही, पण पुढचा सीझन धरू नकोस. हे वाक्य मी असंच बोलले. मला दुसऱ्या कुठल्या मापानं तिच्याशी बोलता येत नव्हतं.

“कोणाकोणाला माहितीये?”

मी सांगितलं. भाऊजी, भाचा, सून, दोन्ही दीर, जावा, डॉक्टर, आम्ही.

“धुणंभांडीवालीला?”

“तिला नसावं.”

“बरं झालं. घरात एक माणूस तरी माझ्याशी सरळ भांडत होतं म्हणायचं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी तळ्याकाठच्या बाकावर बसून मोठ्यानं रडले. कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एक बाई थांबल्या, “आर यू ऑल राइट, लव्ह?” म्हणाल्या. मी “यस, फाइन, थँक यू,” म्हटलं. त्या हो म्हणून पुढे गेल्या आणि थोड्या अंतरावर जाऊन, मी नीट आहे ना ते बघत, उगाच कुत्र्याचा पट्टा सोडवत-बांधत उभ्या राहिल्या. मी उठेपर्यंत त्या तिथेच होत्या.

भाऊजींचा फोन या वेळी मलाच आला.

“काय मिळवलंस?” ते म्हणाले. त्यांनी माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेलं मला आठवत नाही. “तिनं तोंडात घास घेतला नाही कालपासून. भिंतीकडे तोंड करून पडलीय. तुम्हा लोकांचं बरंय, तिकडून फोनवर खरं बोलायचं आणि फोन ठेवून द्यायचा. इथे तिच्यासमोर मला बसायचंय. रोज.”

त्यांचं बरोबर होतं. ते भित्रे नव्हते. तीस वर्षं ते आणि ताई एका घरात राहिले होते आणि तिला घाबरलेलं बघणं त्यांना सहन होणार नव्हतं, एवढंच होतं. मी खरं बोलले हेही बरोबर, आणि त्याचा भार त्यांच्या अंगावर पडला हेही बरोबर. ही दोन्ही बरोबर एकमेकांना खोडत नव्हती. पुढचे काही दिवस मी ऑफिसात मीटिंगांमध्ये बसून मान हलवत होते, आणि कोण काय बोललं ते मला विचाराल तर सांगता येणार नाही. संध्याकाळी मॅच लागायची. मी लॅपटॉप उघडत नव्हते. आपण तिचे उरलेले दिवस सुधारले की नासवले, एवढाच एक प्रश्न मला रात्रंदिवस खात होता, आणि त्याचं उत्तर द्यायला ती फोन करत नव्हती.

मग एका मंगळवारी, मी ऑफिसच्या कार पार्कमध्ये असताना, तिचा फोन आला.

“एप्रिलमध्ये शिबिर घेतेय,” ती म्हणाली. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. सहावीच्या मुली. आणि नवी मॅडम आहे ना, तिला पहिल्यापासून बरोबर घेतेय, सगळं दाखवायला. हे मैदानावर खुर्ची नेऊन ठेवणार आहेत. दोन दिवस भांडले ह्यांच्याशी. इतकं भांडले की शेजारचे येऊन गेले. मग हे रडले, मग मी रडले. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, म्हटलं.”

“आणि औषधाचं?”

“ह्यांच्याकडून कळलं मला. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे. मला तिच्याशी बोलायचंय. मला उभं राहता आलं पाहिजे, बाकीचं मला नको.” मग जरा थांबून म्हणाली, “मला रात्री फार भीती वाटते गं.”

“मी येते,” मी म्हटलं.

“ये. सीझन सुरू व्हायच्या आत ये.”

मॅनेजरला सांगितलं, बहीण आजारी आहे, परत कधी येईन ते माहीत नाही. त्यानं टेक ऑल द टाइम यू नीड म्हटलं. लेकीनं माझी बॅग भरायला मदत केली आणि मावशीसाठी एक जाड लोकरी टोपी आणून दिली. जळगावच्या मार्चमध्ये लोकरी टोपी! पण मी ती नेली.

ताई निम्मी झाली होती. दारात उभी होती, भिंतीला हात न लावता, मला दिसावं म्हणून. मी तिला मिठी मारली तेव्हा तिची हाडं हाताला लागली. भाऊजी म्हणाले, “बस, पाणी आणतो,” आणि आत गेले. आमच्यात एवढंच बोलणं झालं, पण पाणी घेऊन आले तेव्हा माझ्याजवळ जरा वेळ उभे राहिले.

सीझनची पहिली मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. भाऊजींनी चहा केला, पलंगाला टेकून उशा रचून दिल्या, टीव्हीला फोन जोडून दिला आणि स्वतःही खाली सतरंजीवर बसले. बेसबॉल त्यांना ओ की ठो कळत नाही. इतक्या वर्षांत ते कधी बसले नव्हते. ताई मध्येमध्ये त्यांना सांगत होती, की तो पळाला तो का पळाला, आणि हा उभा आहे तो का उभा आहे. ते मान डोलावत होते आणि टीव्हीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होते.

मॅच वाईट झाली. कोपरवाल्याचे बॉल नऊपैकी चौथ्या इनिंगपासून उंच जायला लागले आणि समोरचे ते स्टेडियमबाहेर मारायला लागले. पोरानं एक सुंदर बॉल अडवला, जमिनीवर आडवं होऊन, आणि मग घाईत पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून फेकून दिला. ताई “अरे!” म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिला धाप लागली. मी पाणी दिलं. शेवटच्या इनिंगपर्यंत स्टेडियम अर्धं रिकामं झालं होतं. कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरला आणि मग आमची पोरं हातमोजे काखेत धरून खाली मान घालून आत जाताना दिसली.

दरवर्षी पहिली मॅच हरली, की ताई लगेच पुढच्या वर्षाचं बोलायला लागायची. आता हा वर येईल, तो भरेल, पुढच्या वर्षी बघ कसे खेळतात. मी वाट बघत बसले होते. भाऊजीही टीव्ही बंद करायला उठून हात तसाच धरून थांबले होते. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

ताईनं उशी नीट केली.

“उद्या पिचर कोण आहे?” तिनं विचारलं.

मी फोन काढला, बघितलं आणि तिला सांगितलं.